एका रंगाखालचे थर

महाराष्ट्राचा भूवैज्ञानिक नकाशा पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. पूर्वेला नागपूर-भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीकडे रंगांची दाटी असते, दक्षिणेला सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या कडेला काही तुकडे दिसतात. उरलेलं सगळं राज्य, म्हणजे चार-पंचमांशाहून जास्त भाग, एकाच रंगात रंगवलेला असतो. सूचीत त्या रंगापुढे लिहिलेलं असतं : दख्खन ट्रॅप. धुळे असो, बीड असो, सातारा असो, रंग तोच. एखाद्याच्या विहिरीला तीस फुटांवर पाणी लागतं आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याची बोअर चारशे फुटांवरही कोरडी जाते, तरी या दोघांच्या पायाखाली हा नकाशा एकच खडक दाखवतो.

नकाशा चुकीचा नाही, फार दुरून काढलेला आहे. त्या एका रंगाच्या आत शेकडो लाव्हाथर आहेत, त्यांच्यामध्ये मातीचे आणि तळ्यांतल्या चिखलाचे पापुद्रे आहेत, वर नद्यांनी आणून टाकलेला गाळ आहे आणि खाली, लाव्हा येण्याआधीची जमीन आहे. माझं मत असं की दख्खनची खरी हकीकत बेसाल्टच्या जाड थरांपेक्षा या मधल्या, वरच्या आणि खालच्या पातळ थरांनी जास्त जपून ठेवली आहे. पाण्याचा हिशेबही बराचसा तिथेच लागतो. मात्र नकाशावर दाखवायला सगळ्यात अवघड तेच थर आहेत.

का अवघड, ते समजायला नकाशाचा कागद आधी पाहायला हवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली थॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली सुरू झाली. आज तिचं नेहमीचं नकाशांकन १:५०,००० या प्रमाणावर होतं, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. देशाचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. पुणे शहराचा बराच भाग ४७ एफ/१४ या पत्रकात येतो. असं एक पत्रक अक्षांश-रेखांशांची पंधरा-पंधरा मिनिटं व्यापतं. आपल्याकडे ते सुमारे सातशे चौरस किलोमीटर भरतं. या प्रमाणावर पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पंचवीस मीटर जागा अडवते. दोन लाव्हाथरांमधला तांबड्या मातीचा पट्टा असतो हातभर जाडीचा. त्याला नकाशावर स्वतःचा रंग मिळणं शक्यच नसतं. फार तर तो दोन रंगांमधली रेघ होतो.

ही रेघ काढायला माणसाला चालावं लागतं. उपग्रहाची चित्रं आली, ड्रोन आले, तरी भूवैज्ञानिकाचा हंगाम अजून पावसाळा सरल्यावरच सुरू होतो. सोबत हातोडा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, होकायंत्र, खडकाचा उतार मोजायचा क्लिनोमीटर, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली, जीपीएस आणि वही. आम्लाचा थेंब चुन्यावर टाकला की फसफसतो, बेसाल्टवर काही होत नाही. हातोडा दगडाचा ताजा भाग उघडा करायला लागतो, कारण ऊन-पावसानं बदललेली वरची साल फसवते.

खडक दिसतो मात्र थोड्याच ठिकाणी. नाल्याचा तळ, घाटरस्त्यासाठी कापलेली दरड, दगडाची खाण, डोंगराचा कडा. मधल्या मैलोन्‌मैल जमिनीवर शेत असतं, गवत असतं, घरं असतात. पठारावर काम करणाऱ्याला सगळ्यात मोठा आधार असतो तो विहिरींचा. आपल्याकडची खोदलेली विहीर चांगली रुंद असते आणि बांधकाम वरच्या भुसभुशीत भागापुरतंच असतं, त्यामुळे खाली कापलेला खडक उघडा राहतो. काठावर उभं राहून वाचत खाली जावं : काळी माती, तिच्या बुडाशी चुनखडीचे पांढरट खडे, मग मुरूम, मग भोकाभोकांचा, हाताला ठिसूळ लागणारा मांजऱ्या, आणि तळाशी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. हे शब्द विहिरी खणणाऱ्यांचे आहेत आणि भूजल खात्याच्या माणसांच्याही तोंडी तेच आहेत. मुरूम किती फुटांवर संपला आणि पाषाण किती फुटांवर लागला हे गावातला जुना विहीरवाला वर्षांनंतरही सांगू शकतो, आणि नकाशा करणारा शहाणा असेल तर आधी त्यालाच गाठतो.

एका विहिरीत दिसलेला थर पुढच्या विहिरीतल्या थराशी जोडायचा म्हणजे मधल्या न दिसलेल्या जमिनीबद्दल विधान करायचं. म्हणून भूवैज्ञानिक नकाशात दोन तऱ्हेच्या रेघा असतात. जिथे सीमा डोळ्यांनी पाहिली तिथे सलग, जिथे अनुमान केलं तिथे तुटक. काय पाहिलं आणि काय मानलं हे एकाच कागदावर असं वेगळं करून सांगणारी कागदपत्रं फार थोडी असतात, आणि या शास्त्राबद्दल मला वाटणाऱ्या आदराचं ते एक मोठं कारण आहे.

थर जोडायचे कसे, याचं उत्तर इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ यांनी दिलं होतं. कालवे खोदताना त्यांनी पाहिलं की प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्मच सापडतात. मग दूरच्या दोन गावांत तेच शिंपले दिसले तर थरही तोच. याच आधारावर १८१५ साली त्यांचा इंग्लंड-वेल्सचा मोठा नकाशा प्रसिद्ध झाला. दख्खनमध्ये ही किल्ली चालत नाही. हजारभर अंशांच्या लाव्ह्यात काही जगत नाही, तेव्हा जीवाश्म कुठून येणार? इथे एकावर एक बसलेले थर दिसायला सारखे, रंगाला सारखे, खनिजांनी जवळजवळ सारखे. कर्नल साइक्स यांनी १८३०च्या दशकात दख्खनच्या भूरचनेचं वर्णन छापलं, तेव्हा या आडव्या थरांचा प्रचंड विस्तार त्यांनी नोंदवला. पुढे ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यात काम केलं आणि १८७९ साली मेडलिकॉट यांच्यासह भारताच्या भूविज्ञानाचं पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. सर्वसाधारण चौकट उभी राहिली. पण सिंहगडाचा अमुक थर आणि साल्हेरचा तमुक थर यांचं नातं काय, हा प्रश्न त्यानंतरही जवळजवळ शंभर वर्षं लोंबकळत राहिला.

तो सुटायला दोन गोष्टी कामी आल्या. पहिली डोळ्यांना दिसणारी. काही थरांत पांढरट, लांबट स्फटिक असतात, कित्येक सेंटीमीटर लांबीचे, जणू कोणी मुद्दाम रोवून ठेवल्यासारखे. हे प्लॅजिओक्लेज नावाच्या खनिजाचे स्फटिक. लाव्हा वर येण्याआधी जमिनीखालच्या कोठीत बराच काळ थांबला, तेव्हा ते वाढले. कर्जतजवळच्या कशेळ्याला, मंचरला असे थर आहेत. इतका वेगळा दिसणारा थर दूरवर ओळखता येतो, त्यामुळे तो खुणेचा थर होतो : त्याच्या वरचं एका गटात, खालचं दुसऱ्या गटात. सर्वेक्षणाच्या भूवैज्ञानिकांनी अशा खुणांच्या आधारे पश्चिम महाराष्ट्राच्या थरांची विभागणी केली आणि विभागांना नावं दिली ती आपल्या ओळखीची : साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर. पूर्वी जिथे फक्त ‘ट्रॅप’ लिहिलेलं होतं, तिथे आता हे गड आणि घाट आले.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेतली. १९८०च्या दशकात भारतीय आणि परदेशी अभ्यासकांनी सह्याद्रीचे घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत, प्रत्येक थराचा नमुना घेत, त्यांचं रासायनिक पृथक्करण केलं. डोळ्यांना सारखे दिसणारे थर टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम अशा घटकांच्या प्रमाणात स्पष्ट वेगळे निघाले. वर येताना ज्या लाव्ह्यानं वाटेतला जुना ग्रॅनाइटी खडक बराच वितळवून पोटात घेतला त्याची सही वेगळी, ज्यानं जवळजवळ काहीच घेतलं नाही त्याची वेगळी. बुशी गटाचा लाव्हा पहिल्या प्रकारचा, आंबेनळी गटाचा दुसऱ्या. यातून तळापासून वर अशी दुसरी उतरंड तयार झाली : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशी, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर आणि पुढे दक्षिणेकडे आणखी दोन. या दोन पद्धतींच्या सीमा सगळीकडे तंतोतंत जुळत नाहीत. अभ्यासाला नव्यानं लागणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा जाच होतो हे खरं, पण एक पद्धत चालता चालता वापरता येते आणि दुसरी नमुन्याच्या उत्तराची वाट पाहायला लावते. दोन्हींची गरज आहे.

या उतरंडीतून जे चित्र उभं राहिलं ते आपल्या अंदाजाच्या अगदी उलट आहे. कळसूबाई १६४६ मीटर उंच, राज्यातलं सर्वोच्च शिखर. साहजिकच आपल्याला वाटतं की सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात नवा लाव्हा तिथे असणार. प्रत्यक्षात कळसूबाईचा माथा जुन्या, खालच्या गटांत मोडतो. महाबळेश्वरच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या बाजूला जो लाव्हा दिसतो तो त्याहून नवा आहे. कारण सगळी चळत दक्षिणेकडे किंचित कललेली आहे. कल एक अंशाहूनही कमी, उभ्या माणसाला कळणारही नाही इतका. पण दीडशे-दोनशे किलोमीटरवर तो साठत जातो आणि उत्तरेला आभाळाला टेकलेले थर दक्षिणेला जमिनीखाली गडप होतात. क्लिनोमीटरनं इतका कल एका जागी मोजताच येत नाही. तो कळतो फक्त नकाशावरून.

आता त्या तांबड्या पट्ट्याकडे येऊ. घाटातल्या कापलेल्या दरडीपाशी गाडी सुरक्षित बाजूला लावून नीट पाहिलं तर एका लाव्हाथराची अंगरचना वाचता येते. तळाकडे घट्ट, उभ्या भेगांनी चिरलेला काळा बेसाल्ट. वर जावं तसा तो भोकांचा होत जातो, कारण थंड होताना वायूचे बुडबुडे वर सरकले आणि साकळलेल्या लाव्ह्यात अडकले. माथ्याशी तर अनारशासारखी जाळी पडलेली असते. पुढे पाणी झिरपून त्या भोकांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी साचली. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयातली आणि जगभरच्या संग्रहालयांतली सुंदर भारतीय स्फटिकं बहुतेक याच पोकळ्यांमधून निघालेली आहेत. या भोकाळ माथ्यावर बऱ्याच ठिकाणी तो पट्टा दिसतो : विटेच्या रंगाचा, बोटानं उकरता येणारा, ओला केल्यावर चिकट होणारा, कुठे चार बोटं तर कुठे कंबरभर जाड. त्याच्यावर पुढच्या लाव्ह्याचा तळ, पुन्हा घट्ट.

हा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधला वेळ. एक लाव्हा वाहून थांबला, थंड झाला, त्याच्यावर ऊन-पाऊस झाला, खडकाची माती झाली, कधी वाऱ्यानं आलेली ज्वालामुखीची राख तिच्यात मिसळली. आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती माती भाजून निघाली. लाव्हा स्वतः काही दिवसांत, वर्षांत, फार तर दशकांत थिजतो. उरलेला काळ या हातभर मातीत साठलेला असतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ब्लेअर शोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच लाव्ह्याच्या वर-खालच्या अशा थरांतली राख तपासली. त्या राखेत झिर्कॉनचे सूक्ष्म कण असतात आणि युरेनियमचं शिसं होण्याच्या वेगावरून त्यांचं वय फार बारकाईनं काढता येतं. २०१५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य भाग साडेसात लाख वर्षांच्या आसपास एवढ्या काळात बाहेर पडला, आणि त्याची सुरुवात ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या महाविनाशाच्या थोडीच आधी झाली, ज्यात डायनासोर संपले. वर्षांच्या बाबतीत बेसाल्ट जे इतक्या नेमकेपणानं सांगू शकला नव्हता ते त्याच्या फटीतल्या मातीनं सांगितलं.

अभियंते मात्र या पट्ट्याला वचकून असतात. ओला झाला की तो फुगतो, घसरतो, बोगद्याच्या छतात आला तर वरचा खडक सैल करतो. धरणाचा पाया, बोगदा, घाटातला उतार, प्रत्येक ठिकाणी तो आधी शोधून ठेवावा लागतो. आणि तोच पाणीही अडवतो. भोकाळ, भेगाळलेल्या थरातून उतरणारं पाणी या चिकणमातीवर येऊन थांबतं आणि आडवं सरकून डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. सह्याद्रीत बारमाही झरे बरेचदा एका उंचीवर ओळीनं लागतात, त्याचं कारण थरांच्या या सांध्यांत आहे.

मधल्या थरांत सगळीकडे नुसती माती नाही. जिथे दोन उद्रेकांमध्ये खोलगट जागी पाणी साचलं, तळी झाली, तिथे चिखलाचे थर बसले आणि त्यांत जीव गाडले गेले. नागपूरला हे पहिल्यांदा नीट उलगडलं ते दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी, स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी. शहराजवळच्या टाकळीला लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडलेल्या चिखलाच्या खडकात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, फळं-बिया, लाकडाचे तुकडे मिळाले. धर्मप्रसारासाठी आलेले हे लोक सुटीच्या दिवशी हातोडा घेऊन हिंडत होते. खरं सांगायचं तर नागपूरइतकी भूवैज्ञानिकाच्या सोयीची जागा देशात विरळा. शहराच्या पश्चिमेला सीताबर्डी-सेमिनरी हिल्सकडे बेसाल्ट, पूर्वेला अब्जावधी वर्षांचा जुना नाइस, उत्तरेला कामठीचे वालुकाश्म आणि गोंडवानाचा कोळसा, त्यापलीकडे मनसरचं मँगनीज. लाव्ह्याची सर इथे पातळ होत संपते आणि खालची पानं उघडी पडतात. हिस्लॉप १८६३ साली नागपूरजवळच पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांच्या नावाचं महाविद्यालय नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं भूविज्ञान मात्र नागपूरकरांनाही फारसं ठाऊक नाही, आणि ते असायला हवं.

मुंबईतही असे थर आहेत. वरळीच्या टेकडीतल्या चिखलखडकात इवल्याशा बेडकांचे सांगाडे इतके विपुल निघाले की १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी लंडनमध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. मुंबईचा नकाशा करणाऱ्याला आणखी एक धक्का बसतो. घाटावर ताटासारखे आडवे असलेले थर पनवेलच्या पश्चिमेला समुद्राकडे वाकतात, आणि हा वाक नजरेला सहज कळण्याइतका आहे. घाटावरची सवय घेऊन खाली उतरलेला माणूस इथे समोरासमोरच्या दोन टेकड्या एकाच थराच्या समजून चुकतो. पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाच्या इमारतीत कुर्ल्याचा निळसर बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट शेजारी शेजारी लावलेले आहेत. मुंबईची भूरचना घाटापेक्षा किती वेगळी आहे हे त्या भिंतीवर हात ठेवूनही कळतं.

कोकणात जांभा आहे. तोही वरून एकसारखा तांबडा. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही ठिकाणी जांभ्याचं टोपण फोडून विहीर खाली नेली की चिकणमाती आणि तिच्यात काळं, कोळशाच्या वाटेवर असलेलं लाकूड, म्हणजे लिग्नाइट लागतं. कधीकाळच्या खाडीकाठच्या दलदलीचे हे थर आहेत आणि विहिरी नसत्या तर त्यांचा पत्ता लागणं कठीण होतं.

लाव्ह्याच्या वर जे बसलं त्याकडे जुन्या नकाशांनी जवळजवळ पाहिलंच नाही. नदीकाठचा गाळ म्हणजे पोयटा, शेतीचा विषय, अशी समजूत. प्रवरेच्या काठानं चाललं तर ही समजूत टिकत नाही. संगमनेर-नेवासे भागात नदीनं आपलाच जुना गाळ चिरून उंच दरडी उभ्या केल्या आहेत. तळाशी चुन्यानं घट्ट झालेले गोटे, वर पिवळट-तपकिरी गाळ आणि त्यात चुनखडीचे खडे, सगळ्यात वर काळी माती. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि त्यांचे सहकारी १९५०च्या दशकात नेवाशाला उत्खनन करत होते, तेव्हा त्यांनी गोट्यांचे हे थर काळजीपूर्वक वाचले, कारण माणसानं घडवलेली दगडी हत्यारं त्यांतच होती. कोणतं हत्यार कोणत्या थरात, हे नोंदलं नसतं तर हत्यारांचा क्रम लागला नसता. गोटे म्हणजे जोरदार वाहणारी नदी, बारीक गाळ म्हणजे सुस्तावलेली नदी, चुनखडी म्हणजे कोरडं हवामान. पावसाच्या चढउतारांचा एवढा लांबचा दप्तरखाना पठारावर दुसरीकडे कुठे नाही.

यातला सगळ्यात चमत्कारिक थर जुन्नर भागात कुकडी नदीकाठी, बोरीला आहे. गाळाच्या दरडीत करड्या-पांढऱ्या बारीक राखेचा थर. ही राख दख्खनच्या ज्वालामुखीची असणं शक्य नाही, ते तर ६ कोटी वर्षांपूर्वीच थंडावले होते. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात तिच्याकडे लक्ष वेधलं; शेजारच्या थरांत अश्मयुगीन हत्यारंही होती. वय काढलं तेव्हा पहिलं उत्तर आलं चौदा लाख वर्षं. मग राखेतल्या काचेच्या कणांची रासायनिक सही तपासली गेली आणि बोट सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीकडे वळलं. टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा. त्याची राख भारतात अनेक नदीखोऱ्यांत पडलेली आहे. काही अभ्यासक मात्र बोरीची राख टोबाच्याच सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानतात. हा वाद ऐकून कुणी म्हणेल, शास्त्रज्ञांचं एकमत होत नाही तर विश्वास कशावर ठेवायचा? मला वाद मोलाचा वाटतो. राख पुराच्या पाण्यानं उचलून दुसरीकडे टाकली असेल तर तिचं वय आणि थराचं वय वेगळं; म्हणून पुन्हा नदीकाठी जाऊन थर मोजावे लागतात, हत्यार राखेच्या वर होतं की खाली हे पुन्हा पाहावं लागतं. महाराष्ट्रात माणूस कधीपासून आहे, या प्रश्नाचं उत्तर अशा मोजणीवर टांगलेलं आहे. नर्मदेच्या गाळाचा अभ्यास करतानाच १९८२ साली सर्वेक्षणाचे अरुण सोनाकिया यांना हथनोऱ्याला आदिमानवाच्या कवटीचा भाग सापडला होता. गाळाच्या थरांना नकाशात जागा देणं किती गरजेचं आहे, याला याहून मोठा दाखला नको.

विदर्भात पूर्णेचं खोरं हे याहून वेगळं प्रकरण. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन भ्रंशाच्या रेषेवर खचत गेली आणि नदी तो खड्डा गाळानं भरत गेली; गाळाची जाडी तिथे शेकडो मीटर आहे. वरून सपाट, काळीभोर, सुपीक जमीन. खालचं पाणी खारं. अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा तो हाच. तिथला शेतकरी विहिरीच्या पाण्यावर भिस्त न ठेवता जमिनीतल्या ओलीवर हरभरा पिकवतो. या खोऱ्याला दरडी नाहीत, घाट नाहीत. त्याचा खालचा नकाशा फक्त खोल बोअरच्या नोंदींवरून काढता येतो.

खोल बोअर काय दाखवते ते आपण दोन भूकंपांनंतर पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी हादरलं. वरचा नकाशा तिथेही तोच एकरंगी होता आणि त्यानं कसलाही इशारा दिला नव्हता. नंतर तिथे घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, मग जेमतेम ८ मीटरचा गाळाचा थर लागला, आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. ते आठ मीटर म्हणजे पहिला लाव्हा येण्याआधीची मराठवाड्याची जमीन. कोयनेला ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर कित्येक दशकांनी राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं छिद्रं घेतली, तेव्हा रासाटीला सुमारे ९३० मीटर बेसाल्ट भेदल्यावर थेट ग्रॅनाइट लागला. मध्ये गाळ नव्हताच. एकाच लाव्ह्याखाली दोन ठिकाणची जुनी जमीन अशी वेगळी. बाकीच्या राज्याखाली ती कशी आहे, हे थोड्याच बिंदूंवर माहीत आहे आणि उरलेल्या सगळ्यावर तुटक रेघ आहे.

भूकंपाची छिद्रं सरकार घेतं, पाण्याची आपण घेतो. १९७२च्या दुष्काळाच्या वर्षी राज्यानं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली, तिनं पाणलोटवार विहिरींची मोजणी सुरू केली. केंद्रानंही गेल्या दशकात देशभर जलधारक थरांचे नकाशे करायला घेतले. सातारा जिल्ह्यातल्या रणदुल्लाबादला भूवैज्ञानिकांनी गावाखालच्या थरांचा नकाशा काढून गावासमोर मांडला. आपल्या विहिरी एकाच उथळ थरातून पाणी घेतात हे लोकांना त्यावर दिसलं, आणि बोअर घ्यायच्या नाहीत असं गावानं ठरवलं. नकाशाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

दरवर्षी राज्यात असंख्य बोअर मारल्या जातात. प्रत्येक बोअर दोन-चारशे फुटांपर्यंतचे थर कापत जाते, जे पाहायला भूवैज्ञानिकाला आयुष्यभर घाट पालथे घालावे लागतात. तांबडा पट्टा किती फुटांवर आला, भोकाळ थर कुठे संपला, पाणी नेमकं कोणत्या सांध्यात लागलं, हे सगळं त्या वेळी बाहेर उडणाऱ्या भुकटीत डोळ्यांसमोर असतं. बहुतेक खासगी बोअरच्या बाबतीत ते कुठेही लिहिलं जात नाही. पैसे चुकते होतात, गाडी पुढच्या गावाला जाते आणि माहिती भुकटीबरोबर उडून जाते. वर्षानुवर्षं चाललेलं हे नुकसान पैशात मोजता येणार नाही, आणि ते थांबवायला कसलंही यंत्र लागत नाही.

तुमच्या शेतात बोअरची गाडी येईल तेव्हा एवढं करा. दर रॉडला बाहेर पडणाऱ्या भुकटीची मूठभर पुडी प्लॅस्टिकच्या कागदावर ओळीनं मांडत जा. प्रत्येकीसमोर फूट लिहा, रंग लिहा : करडा, तांबडा, पांढरे ठिपके असलेला. पाणी लागलं तो आकडा वेगळा लिहा, आणि बोअर कोरडी गेली तरीही सगळं लिहा, कारण कोरड्या बोअरचे थरही तितकेच कामाचे असतात. ओळीचा एक फोटो काढा, गट क्रमांक टाका. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा आणि एक जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयातल्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे नेऊन द्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर तुमच्या तालुक्याचा नकाशा विनामूल्य मिळतो. तो उतरवून घ्या आणि तुमच्या बोअरची जागा त्यावर पेन्सिलीनं दाखवून, तोही सोबत जोडा.